बीरला पहिलं टॅण्डम उड्डाण करायचंय? हातचे दोन दिवस ठेवा

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या, त्यांचे यजमान आणि ११ वर्षांची मुलगी हिमाचलला निघालेत. धर्मशाला, बीर, मनाली असं सहा दिवसांचं पॅकेज आहे. त्यात बीरला एकच मुक्काम आणि दुपारी १२ वाजता प्रत्येकी २० मिनिटांचं टॅण्डम पॅराग्लायडिंग, म्हणजे एकाच ग्लायडरवर पायलटबरोबर उडणं. वजनं अनुक्रमे ५२, ९४ आणि ३१ किलो. यजमानांना दोन वर्षांपूर्वी स्लिप डिस्कचा त्रास झाला होता, आता बरं आहे. त्यांना तीन गोष्टी हव्यात: हे सुरक्षित आहे का, आधी लोणावळ्याजवळच्या कामशेतला एकदा करून बघावं का, आणि कंपनी कोणती चांगली.

ताई, कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण तुम्हाला घेऊन कंपनी उडत नाही, एक माणूस उडतो. एकाच बोर्डाखाली बारा वर्षं टॅण्डम करणारा पायलट असतो आणि गेल्याच हंगामात सुरुवात केलेलाही असतो. उरलेल्या दोन प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. टॅण्डममध्ये हवेत गेल्यावर प्रवाशाच्या हातात कोणताही निर्णय नसतो. तुमचा निर्णय एकच, आणि तो टेकऑफवर उभं असताना घ्यायचा: आज, या वाऱ्यात, या पायलटबरोबर उडायचं की नाही. तो निर्णय मोकळ्या मनानं घेता येईल अशी सहल आखलेली असेल, तर टॅण्डम हा बऱ्यापैकी सुरक्षित खेळ आहे. तीन वाजता मनालीची गाडी सुटणार आहे, पैसे आधीच भरलेत आणि आज नाही तर कधीच नाही, अशी आखणी असेल तर ‘नको’ हा शब्द तोंडातून निघतच नाही. तुमच्या पॅकेजमध्ये मला खटकतं ते हेच.

म्हणून पहिला सल्ला पॅराग्लायडिंगचा नाही, आखणीचा आहे. मनाली काढून टाका आणि बीरला तीन रात्री राहा. उड्डाण पहिल्या सकाळी धरा आणि दोन दिवस हातचे ठेवा. वारा जमला तर पहिल्याच दिवशी काम होईल. नाही जमला तर १३व्या शतकाच्या सुरुवातीचं बैजनाथचं मंदिर जवळ आहे, अंद्रेट्टाला मातीकाम शिकता येतं, पालमपूरचे चहाचे मळे आहेत, बीरची तिबेटी वसाहत आणि तिथले मठ आहेत. दिवस वाया जात नाहीत. दिल्लीहून रात्रीच्या बसनं येणार असाल तर उतरल्या सकाळी उडू नका. रात्रभर घाटात जागलेल्या माणसाला मळमळ लवकर गाठते, आणि पळताना पाय जड पडतात.

महिना तुम्ही चांगला निवडलाय. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर पॅराग्लायडिंगला बंदी असते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा तिथे सर्वांत स्थिर असते. एप्रिल-मे मध्येही उडतात, पण तेव्हा थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर चढणारे झोत, जोरकस असतात आणि दुपारनंतर धौलाधारच्या डोंगररांगेवर गडगडाटी ढग बांधले जातात. पहिल्या उड्डाणासाठी मी उन्हाळा सुचवत नाही.

आता दुपारी १२ बद्दल. हे समजायला बीरला जायची गरज नाही. ठाण्यात सकाळी सातला घारी बघा, त्या पंख मारत उडताना दिसतील. त्याच घारी दहा-साडेदहानंतर खाडीवरच्या पुलाजवळ किंवा पारसिकच्या डोंगरावर पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढतात. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा खांब वर उठतो आणि त्या तो पकडतात. त्या खांबालाच आम्ही पायलट थर्मल म्हणतो. पण हवा एका जागी वर गेली की बाजूला कुठेतरी खाली येतेच. वर जाणाऱ्या हवेतून खाली येणाऱ्या हवेत शिरताना जो हिसका बसतो, तो म्हणजे लोक ज्याला ‘एअर पॉकेट’ म्हणतात ते. ११ ते ३ या वेळात हे हिसके सर्वांत जास्त असतात. अनुभवी सोलो, म्हणजे एकट्यानं उडणारे, पायलट याच वेळेची वाट बघतात, कारण त्यांना उंची आणि अंतर हवं असतं. पहिल्यांदा उडणाऱ्याला यातून बहुतेकदा उलटी मिळते. शिवाय हंगामात याच वेळी आकाशात सर्वांत जास्त गर्दी असते.

तुम्ही सकाळी साडेनऊ ते अकराची वेळ मागा, नाहीतर साडेतीननंतरची. त्याहून लवकर जाऊन उपयोग नाही. सकाळी डोंगरावरची थंड हवा उतारावरून खाली वाहत असते, म्हणजे टेकऑफवर वारा पाठीमागून येतो. ऊन चढलं, उतार तापला की वारा उलटतो आणि दरीतून समोर येऊ लागतो. टेकऑफवर विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, असते, नसली तर झाडाला बांधलेल्या रिबिनी असतात. त्या पाठीमागून दरीकडे उडत असतील तर कोणी कितीही घाई केली तरी थांबायचं. पाठीमागच्या वाऱ्यात पंख, म्हणजे ग्लायडरचं डोक्यावरचं कापडी छत, हवेनं भरत नाही, आणि भरलाच तर जमीन सोडायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पळावं लागतं.

‘२० मिनिटं’ या आकड्याचाही हिशेब समजून घ्या, म्हणजे वाद होणार नाही. बीरच्या वर डोंगरात बिलिंग आहे, तिथला टेकऑफ सुमारे २४०० मीटरवर आहे, आणि उतरायचं मैदान त्याच्या साधारण १००० मीटर खाली. स्थिर हवेत टॅण्डम ग्लायडर सेकंदाला १.२ मीटरच्या आसपास खाली येतो. म्हणजे वर नेणारी हवा अजिबात मिळाली नाही तरी १४ मिनिटं होतात. त्यापुढची मिनिटं थर्मलमधून मिळवावी लागतात, आणि थर्मल म्हणजे हिसके. सकाळच्या शांत हवेत १५ मिनिटांत खाली आलात तर फसवणूक झाली असं समजू नका. पहिल्या वेळी हवी होती तशीच हवा मिळाली. ४५ मिनिटांचं किंवा तासाचं महागडं पॅकेज पहिल्याच खेपेला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विसाव्या मिनिटाला पोट ढवळायला लागलं तर उरलेली ४० मिनिटं कुठे उतरणार?

वजनाबद्दल सविस्तर लिहितो. तुम्ही तिघांची वजनं दिलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण देत नाहीत. प्रत्येक टॅण्डम ग्लायडरवर कारखान्यानं वजनाची मर्यादा छापलेली असते, खालची आणि वरची दोन्ही. ४० ते ४२ चौरस मीटरच्या मोठ्या टॅण्डमला ती साधारण १२० ते २२० किलो असते, लहान टॅण्डमला कमी. हे वजन प्रवासी, पायलट आणि सगळं सामान मिळून मोजायचं. पंख, दोन हार्नेस (अंगाला पट्ट्यांनी बांधायच्या बैठका), रिझर्व्ह (जादा पॅराशूट), हेल्मेट, कपडे धरून सामानाचे २० किलो पकडा.

पायलट ७० ते ७५ किलोचा धरू. तुमचे ५२ मिळवले की बेरीज १४५ च्या आसपास येते, काहीच अडचण नाही. यजमानांची १९० च्या आसपास. मोठ्या पंखावर ठीक, पण वरची मर्यादा १९० असलेल्या लहान पंखावर काठावर. मुलीची बेरीज १२१ ते १२६. मोठ्या पंखाच्या खालच्या मर्यादेला ती टेकली आहे, आणि लोक नेमकं हेच विसरतात. सगळ्यांना वाटतं हलकं मूल म्हणजे सोपं काम. ग्लायडरचा पंख दोऱ्यांवर टांगलेल्या वजनानं ताणलेला राहतो. वजन कमी पडलं की तो सैल होतो, हळू उडतो आणि हिसका बसला की त्याची कड पटकन मिटते. वारा वाढला तर हलका ग्लायडर पुढे सरकतच नाही, एका जागी लोंबकळत राहतो. म्हणून लेकीसाठी दोन गोष्टी मागा: लहान आकाराचा पंख किंवा अंगानं दणकट पायलट, आणि दिवसातली सर्वांत शांत वेळ. हार्नेसही तिच्या मापाचा हवा. मोठ्या माणसाच्या हार्नेसमध्ये पट्टे शेवटपर्यंत ओढूनही ढिले राहत असतील तर तिनं उडू नये. लहानात लहान किती वयाचं मूल घेतात, हेही आधी फोनवर विचारा. वर जाऊन नकार मिळाला तर पोर हिरमुसते.

यजमानांचं वजन लँडिंगला महत्त्वाचं ठरतं. जास्त वजनाचा ग्लायडर जास्त वेगानं उडतो आणि उतरतानाही वेग जास्त असतो. प्रवासी पायलटच्या पुढे टांगलेला असतो, त्यामुळे लँडिंग चुकलं तर जमिनीवर आधी आपटतो तो प्रवासी. घोटा आणि कमरेचे मणके, दुखापती मुख्यतः याच दोन जागी होतात. ज्यांची डिस्क एकदा सरकलेली आहे त्यांच्यासाठी बुडावर बसणारा एक धक्का पुरेसा असतो. हाडांच्या डॉक्टरांना नेमकं असं विचारा: ‘दोन-अडीच फुटांवरून कडक जमिनीवर बसकण मारल्यासारखा धक्का बसू शकतो, चालेल का?’ नुसतं पॅराग्लायडिंग म्हणालात तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येईल. पायात मुंग्या किंवा कळ आजही येत असेल तर माझ्याकडून नकार आहे, डॉक्टरांकडे जायचीही गरज नाही. गरोदरपण, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, फिट येणं, अलीकडची शस्त्रक्रिया यांनाही तेच लागू.

कामशेतचं विचारलंत. ठाण्याहून सोपं आहे. पुण्याकडच्या सकाळच्या गाडीनं लोणावळा, तिथून पुण्याच्या लोकलनं मळवलीनंतरचं स्टेशन कामशेत. पण तिथलं गणित वेगळं आहे. तिथल्या टेकड्या बुटक्या, काही शे फुटांच्या. १०० मीटरच्या टेकडीवरून स्थिर हवेत निघालात तर दीड मिनिटात खाली याल. त्यामुळे तिथे सगळी भिस्त टेकडीवर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर असते, आणि तो बऱ्याचदा दुपारनंतर लागतो. वारा लागला तर संध्याकाळी पवनेच्या बाजूला सुरेख, मऊ उड्डाण होतं. नाही लागला तर दिवसभर टेकडीवर बसून परत यावं लागतं, आणि पावसाळ्यात हे सगळं बंद. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एखादा शनिवार-रविवार मोकळा असेल तर जरूर जा. पट्टे बांधणं, पळणं आणि उतरणं या तीन गोष्टींची तालीम होईल आणि मुलीची भीती खरी किती आहे ते कळेल. फक्त तिथलं पळणं आणि बिलिंगचं पळणं सारखं समजू नका. २४०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांश विरळ असते. तेवढीच उचल मिळवायला ग्लायडरला सुमारे १२ टक्के जास्त वेग लागतो. वारा मंद असला तर तो वेग तुमच्या पायांतूनच यावा लागतो. येऊरच्या किंवा खारघरच्या उतारावर पाठीला पाच-सहा किलोची सॅक लावून दहा-बारा वेळा २० पावलं उताराकडे पळून बघा. उतारावर पळताना शरीर आपोआप मागे रेलतं. ती सवय मोडायची आहे.

आता टेकऑफवर काय बघायचं. बीरहून बिलिंगला १४ किलोमीटरचा वळणांचा रस्ता आहे, जीपला पाऊण ते एक तास लागतो. गाडी लागत असेल तर पुढच्या सीटवर बसा. निघण्याआधी दीड-दोन तास पोहे-उपमा असं हलकं खा. उपाशी पोटी मळमळ जास्त होते. मळमळीच्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ती गोळी पहिल्यांदा उड्डाणाच्या दिवशी घेऊ नका.

पायलट भेटला की गप्पांच्या ओघात विचारा. टॅण्डमचं लायसन्स आहे का? सोलोचं वेगळं असतं, आणि ओळखपत्रावर ते दिसतं. या जागेवर किती हंगाम उडताय? रिझर्व्ह शेवटचा कधी उघडून पुन्हा घडी घातला? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. रिझर्व्ह म्हणजे संकटात फेकायचा जादा पॅराशूट. तो वर्षानुवर्षं पिशवीत दाबून राहिला तर ओल धरतो, कापड एकमेकांना चिकटतं आणि उघडायला वेळ लागतो. सहा महिने ते वर्षातून एकदा तो उघडून, हवा दाखवून पुन्हा घडी घालायचा असतो. चांगला पायलट महिना सांगतो, कधी कधी पिशवीत ठेवलेली चिठ्ठीही दाखवतो. ‘त्याची कधी गरजच पडत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा पायलट मागा.

पंख पसरला की जवळून बघा. कापड विटलेलं असणं चालतं, पण बोटांत धरल्यावर जुन्या ओढणीसारखं लुळं लागत असेल तर त्यातून हवा झिरपायला लागलेली असते. असा पंख वर यायला आळस करतो आणि हवेत नेमका नको तेव्हा मलूल होतो. दोऱ्यांचं वरचं आवरण उसवून आतले धागे दिसत असतील, किंवा मध्येच गाठ मारलेली असेल, तरीही नको म्हणा. हेल्मेट बांधकामाच्या साइटवरचं नसावं. हनुवटीखाली पट्टा आणि आत जाड पॅडिंग हवं. हार्नेसच्या बुडाखाली फोमचा जाड थर किंवा एअरबॅग आहे ना, ते दाबून बघा. यजमानांच्या कमरेसाठी तर ते अत्यावश्यक आहे.

यापुढचा भाग तिघांनीही वाचा. हार्नेस आणि हेल्मेट मिळून चार ठिकाणी बक्कल असतात: दोन मांड्यांना, एक छातीला, एक हेल्मेटला. त्यातल्या मांड्यांच्या पट्ट्यांवर जीव असतो. ते लावायचे राहिले तरी उभं असताना काही जाणवत नाही, कारण हार्नेस खांद्यांवर टांगलेला असतो. दोन पावलं पळेपर्यंतही कळत नाही. जमीन सुटली, वजन खाली आलं, की माणूस हार्नेसमधून खाली सरकतो आणि काखेत लटकतो. किती वेळ लटकता येईल हे हाताच्या ताकदीवर. प्रवासी हार्नेसमधून निसटून पडल्याचे अपघात आपल्याकडे झाले आहेत, आणि त्यात हवेचा काही दोष नसतो. बऱ्याचदा होतं असं की पट्टे लावलेले असतात, मग जॅकेट घालायला किंवा फोटो काढायला कोणी ते सोडतं, आणि पुन्हा लावायचं राहतं.

म्हणून पायलटनं तपासलं तरी स्वतः तपासा. मी प्रवाशाकडून मोठ्यानं म्हणवून घेतो: पाय, पाय, छाती, डोकं, कडी, कडी. प्रत्येक शब्दाला त्या जागी हात लावायचा. मांडीच्या पट्ट्याखाली अंगठा घालून वर खेचायचं, पट्टा मांडीला घट्ट लागला पाहिजे. शेवटच्या दोन कड्या म्हणजे तुमचा हार्नेस ग्लायडरला जोडणारे दोन कॅरॅबिनर, डावा आणि उजवा. त्यांचं तोंड बंद आहे आणि कुलूप फिरलेलं आहे हे डोळ्यांनी बघायचं. हे सगळं पळायच्या अगदी आधी करायचं. मध्ये जरा जरी थांबलात, पट्टा सोडलात, की पुन्हा पहिल्यापासून. लेकीला हे सहा शब्द ठाण्यातच पाठ करून घ्या. पायलटच्या लक्षातून काही सुटलं तर तीच ओरडून सांगेल.

पळण्याबद्दल दोन चुका ठरलेल्या असतात. पंख डोक्यावर येताना तो तुम्हाला मागे खेचतो, अगदी कोणी पाठीमागून सॅक ओढल्यासारखं. तिथे प्रवासी थांबतो. पंख मग अर्ध्यात राहतो, एका बाजूला कलतो आणि दोघांना आडवं खेचतो. दुसरी चूक त्यानंतरची. पंख वर आला, अंग हलकं झालं, पाय जेमतेम टेकतायत, आणि प्रवासी ‘उडालो’ म्हणून बसतो किंवा उडी मारतो. ग्लायडरला अजून वेग मिळालेला नसतो. बसल्या बरोबर तुमचं सगळं वजन पायलटच्या पायांवर येतं, आणि दोघं उतारावर घसपटतात. तेव्हा नियम एकच: खेचलं तरी पळायचं, हलकं वाटलं तरी पळायचं, पाय हवेत फिरायला लागले तरी पायलट ‘बसा’ म्हणेपर्यंत पळतच राहायचं. नजर समोरच्या डोंगरावर, पायांकडे नाही. हात खांद्याच्या पट्ट्यांवर. दोऱ्या, रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे), ब्रेक यांना स्पर्श करायचा नाही. आणि ‘थांबा’ असा आवाज आला तर एका पावलात थांबायचं. टेकऑफ रद्द करणं हे पायलटचं शहाणपण आहे, अपयश नव्हे. बहुतेक ठिकाणी पायलटला उड्डाणामागे पैसे मिळतात. तरीही जो दोनदा थांबतो, पंख पुन्हा पसरतो, त्याच्याबरोबर बिनधास्त जा. तिथले पायलट हिंदीत किंवा पहाडी वळणाच्या हिंदीत सूचना देतात, म्हणून ‘दौड़ो’, ‘रुको’, ‘बैठो’ हे तीन शब्द मुलीला आधीच ओळखीचे करून द्या.

हवेत बसताना दोन्ही गुडघे छातीकडे घ्या आणि बूड मागे सरकवा. नीट बसला नाहीत तर मांडीचे पट्टे काचतात आणि १५ मिनिटं नकोशी होतात. मळमळ वाटली तर लगेच सांगा, लाजू नका. सुरुवातीलाच सांगितलंत तर पायलट गोल फिरणं थांबवून सरळ रेषेत, शांत हवेत नेतो. नजर दूर क्षितिजावर ठेवायची, मोबाइलच्या पडद्यावर तर मुळीच नाही. डोक्यावर कापड फडफडल्यासारखा आवाज आला तर पंखाची कड क्षणभर मिटलेली असते. एक-दोन सेकंदांत ती पुन्हा भरते, पायलट ब्रेकनं आणि अंगाच्या झुकण्यानं दिशा सांभाळतो. तुम्ही फक्त स्थिर बसायचं.

कसरतीबद्दल वर जाण्यापूर्वीच ‘नको’ सांगून ठेवा. बरेच पायलट प्रवासी खूश व्हावा म्हणून शेवटी स्पायरल मारतात, म्हणजे गिरक्या घेत वेगानं खाली येतात. जोरदार स्पायरलमध्ये शरीरावर स्वतःच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त भार येतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आणि यजमानांच्या मणक्यांना ते अजिबात परवडणार नाही. सेल्फी स्टिकलाही मी टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी हात लावू देत नाही. काठी दोरीत अडकते, आणि हातात काठी असलेला माणूस पडताना हात टेकू शकत नाही. व्हिडिओ हवाच असेल तर हेल्मेटवर बसवलेला कॅमेरा मागा.

कपड्यांचं थोडक्यात. बीरला दुपारी ऊन असलं तरी वर तापमान दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि तुम्ही ताशी ३५-४० किलोमीटरच्या वाऱ्यात बसलेले असता. वारा अडवणारं जॅकेट, फुल पँट, पातळ हातमोजे पुरेत. ओढणी, मफलर, लोंबणारी हुडची दोरी नको. केस बांधून हेल्मेटच्या आत. चष्म्याला मागून दोरी. घोटा झाकणारे बूट घाला. मात्र ट्रेकिंग बुटांना लेससाठी उघडे हूक असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावा, नाहीतर पसरलेल्या पंखाच्या दोऱ्या त्यात अडकतात.

पैशांचं एवढंच: हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पूर्ण रक्कम परत मिळेल, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. जमलं तर सगळे पैसे उतरल्यावरच द्या. प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेकदा वगळलेले असतात. ठाण्यातून निघण्यापूर्वी पॉलिसीतली ती ओळ वाचा आणि लागलं तर जादा हप्ता भरून जोडून घ्या.

राहिलं लँडिंग. मैदानाच्या वर आलात की पायलट पाय खाली सोडायला किंवा पुढे ताठ उचलायला सांगेल. वारा समोरून चांगला असला तर उभं उतरून दोन-चार पावलं चालायचं असतं. वारा नसला तर पाय उचलून बुडाच्या फोमवर घसरत उतरतात. काय करायचं हे वर असतानाच विचारून घ्या, कारण अर्धवट करणारा माणूस घोटा मुरगळून घेतो: एक पाय खाली, एक वर. यजमान उडणारच असतील तर त्यांच्या पायलटला डिस्कबद्दल आधीच सांगा आणि समोरून वारा असेल तीच वेळ निवडायला सांगा, म्हणजे बुडावर उतरायची पाळी येणार नाही. पाय टेकले की पंख मागे पडेपर्यंत पायलटबरोबर उभं राहायचं, मग कॅरॅबिनर सुटले की ताबडतोब मैदानाच्या कडेला यायचं. मागून पुढचा ग्लायडर उतरत असतो.

तिघं एकाच वेळी उडू नका. आधी तुम्ही उडा. तुमचं वजन त्या पंखांना सर्वांत सोयीचं आहे, आणि आज हवा कशी आहे ते तुमच्या अंगाला कळेल. तुम्ही खाली उतरून फोन करेपर्यंत लेक बाबांबरोबर बिलिंगवर थांबू दे. हवा हिसके देत असेल तर तिला जीपनं खाली आणा. दुसरी सकाळ तुमच्या हातची आहेच.